सहा वर्षं न तुंबलेलं सिंक

आई,

तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. सकाळचे पावणेदहा वाजले होते. घरात आठ माणसं होती. मंगलाताई, माझ्या नणंद, अकोटहून आलेल्या, त्या पहिल्या दिवसापासून मुक्कामीच होत्या. वरण-भाताची भांडी सिंकमध्ये होती. पाणी आधी सावकाश उतरत होतं, मग थांबलं. मी नळ बंद केला आणि पाहत उभी राहिले. चार बोटं पाणी, त्यावर भाताची शितं. पाच मिनिटांनीही ते चार बोटंच होतं.

विजय, तुमचा लेक, दारात आला. त्याने सिंककडे पाहिलं, मग माझ्याकडे. सहा वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं, आणि तुम्ही घरात नव्हता. त्याच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं असणार. तो पंप शोधायला गेला.

तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली. सात ओळी. नाव, वय, मागे कोण, अंत्ययात्रा किती वाजता. 'अल्पशा आजाराने' हे शब्द घातले नाहीत. तुम्ही पेपर शेवटच्या पानापासून वाचायचात. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव, मग पुरवणीत सुनेनं काय केलंय ते. एकदा चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलंत, "आजार अल्पसा होता त मानूस मेला काहून वं?"

मी म्हटलं, "तशी लिहायची पद्धत आहे, आई."

"पद्धत असन. पन खोटं हाय."

तुम्ही अठरा दिवस दवाखान्यात होतात. त्याला अल्प म्हणायचं की नाही हे मला ठरवता आलं नाही. शब्द गाळले.

त्या सात ओळींत सिंक बसणं शक्य नव्हतं. म्हणून ते इथे लिहिते. तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं दुसरंही पुष्कळ आहे, पण या गोष्टीत माझी चूक आहे, आणि ती तुम्हाला सांगायची राहून गेली.

सुरुवात मोरीपासून करायला हवी. मी अकोल्याहून लग्न होऊन अमरावतीच्या या घरात आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती. तुम्ही पाटावर बसून भांडी घासायचात. मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल होती. मोर्शीकडच्या शेतातून तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा यायचा, त्या जळायच्या, आणि त्यांची राख तुम्ही जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळून डालड्याच्या डब्यात भरून ठेवायचात. गिझर आला तरी चूल विझली नाही. गिझरच्या पाण्याला चव नाही, असं तुमचं म्हणणं होतं. आंघोळीच्या पाण्याला चव कशाला लागते, हे मी विचारलं नाही. पहिल्या वर्षी सून बरंच काही विचारत नाही.

तिसऱ्या वर्षी ओट्याचं काम काढलं. मोरी बुजवली, सिंक बसवलं. तो आग्रह माझा होता. तुम्ही गवंड्याला चहा दिलात आणि मला म्हणालात, "उभ्यानं खायचं, उभ्यानं घासायचं. बसनं नावाचं काही ठेवलंच नाही तुमी लोकाईनं."

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही सिंकपाशी उभ्या होतात, आणि सिंकच्या काठावर राखेचा डबा होता.

तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचे, राख पाइपात जाऊन बसते. तुम्ही म्हणायचात, राख पाण्यासंगं वाहून जाते, बसते ते तेल. मी साबणाची वडी आणून ठेवली. तुम्ही ती कपडे धुवायला वापरलीत. मी भांड्यांना बाई लावू म्हटलं. तुम्ही विचारलंत, "तिले का मले, कोनाले घासाले लावतं?" म्हणजे तिनं घासलेलं तुम्ही पुन्हा घासणार, हे ठरलेलं. वर्षातून दोन-तीनदा सिंक तुंबायचं. विजय पंप आणायचा, नाहीतर चौकातल्या दुकानातून रहीमभाई प्लंबर यायचे. दर वेळी मी राखेच्या डब्याकडे पाहायचे. तुम्ही दर वेळी दुसरीकडे पाहायचात.

भांडण मात्र झालं नव्हतं. आपण दोघी एका घरात बावीस वर्षं राहिलो, आणि भांडण म्हणता येईल असं एकच झालं. त्यातही बोलले ती मी एकटीच.

मंगलाताईंच्या मुलीची सोयरीक जुळली तेव्हाची गोष्ट. मुलाकडची माणसं पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आली होती. पाहुणे सहा, घरचे पाच. पाटवड्यांचा रस्सा होता. पाटवड्या मी थापल्या होत्या, कारण त्या मला चांगल्या येतात, आणि हे तुम्हीच चारचौघांत सांगितलं होतंत. पहिली पंगत उठली आणि सिंक तुंबलं. पाणी काठावरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर आलं. तर्रीचा लाल तवंग बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत गेला. होणाऱ्या व्याह्यांनी पाय वर घेतले.

रहीमभाई आले. त्यांनी पाइप मोकळा केला आणि निघालेला गाळ घमेल्यात घेऊन बाहेर निघाले. त्यांना बैठकीतूनच जावं लागलं. मी त्यांना थांबवलं. घमेल्याकडे बोट दाखवून पाहुण्यांसमोर म्हणाले, "बघा. ही आमच्या आईंची राख. वर्षानुवर्षं सांगते आहे, पण यांना ऐकायचंच नसतं."

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, कारण हसणं सोयीचं होतं.

तुम्ही वाढत होतात. हातातली भाकर पाहुण्यांच्या ताटात ठेवलीत, ताट नीट सरकवलंत, आणि म्हणालात, "झालं मंग. उद्यापासून सिंकात राख नाही."

आवाज चढला नव्हता. मी त्या वाक्याचा अर्थ कबुली असा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तुमची भांडी मागच्या अंगणात, नळाखालच्या दगडावर, बसून, राखेनंच घासू लागलात. सिंकात राखेचा कण गेला नाही. आणि सिंक तुंबायचं थांबलं. सहा महिने गेले, वर्ष गेलं. मी समाधानी होते. कार्यालयात नव्या मुलांना बातमीतला कार्यकारणभाव समजावताना मी हे उदाहरण द्यायचे: कारण काढून टाका, परिणाम थांबला तर कारण बरोबर होतं. मुलं हसायची आणि लिहून घ्यायची.

घरातही ती गोष्ट झाली. कुणाच्याही लग्नात, कुठल्याही मंगल कार्यालयाच्या मागे नाली तुंबली की मंगलाताई म्हणायच्या, "माय येऊन गेली वाट्टे अठी." तुम्हीही हसायचात. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. तुमचं ते हसू मी खरं मानलं. ते खरं नव्हतं असं आजही म्हणवत नाही. एवढंच की त्यात आणखी काय होतं, ते मी पाहिलं नाही.

आता नवव्या दिवसाकडे येते.

विजयने पंप मारला, काही झालं नाही. साडेअकराला रहीमभाई आले. आधी बैठकीत तुमच्या फोटोसमोर दोन मिनिटं उभे राहिले. मग सिंकखालचं कपाट उघडून खाली बसले. सिंकच्या पाइपाला खाली प्लास्टिकची एक वाटी असते, प्लंबर तिला बाटली म्हणतात. जे जड असतं ते तिच्यात बसतं, पाणी पुढे जातं. त्यांनी बाटली फिरवून काढली आणि घमेल्यात पालथी केली. पिवळट, चिकट, ओल्या मातीसारखं काहीतरी गोळ्यानं पडलं. वास आला. रहीमभाईंनी ते दोन बोटांत चोळलं.

"बेसन आहे, मॅडम. बेसन आन तेल. गरम पान्यानं जाते पुढं, मंग थंड होऊन बसते सिमेटावानी."

मी म्हटलं, "पण सहा वर्षं काही झालं नाही."

ते घमेल्यात पाहत राहिले. मंगलाताई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या बाहेर जाईपर्यंत ते थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आजी खोलत होत्या ना."

"काय खोलत होत्या?"

"हे. बाटली. दर बुधवारी." त्यांनी कपाटात हात घातला. फिनाईलच्या बाटलीमागून त्यांनी डालड्याचा एक डबा काढला, तो कुठे असतो हे त्यांना ठाऊक होतं. डब्यात एक जुना दातांचा ब्रश, एक फडकं, दोन रबरी वायसर आणि छत्रीची एक काडी होती. काडीचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं होतं. "हा आकडा म्या वाकवून देल्ला त्याइले. थे पाहुने आले होते ना तवा, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानावर आल्या. म्हने, रहीम, मले शिकव कसं खोलाचं थे. म्या म्हनलं, आजी, फोन करा, मी येतो. त म्हने, तू आला की सुनेले समजते."

"मला का सांगितलं नाही?"

"नोको सांगू म्हनल्या होत्या. जबान देली होती म्या." मग म्हणाले, "आता तर त्या नाहीत. मंग सांगितलं तर चालते ना, मॅडम?"

मी चालतं म्हटलं. मग त्यांना आणखी एक विचारलं. विचारलं नसतं तरी चाललं असतं, पण सवय आहे. "त्या दिवशी, पाहुण्यांसमोर, घमेल्यात काय होतं?"

"तवा बी बेसनच होतं. राख होती, पन थोडी. पाटवड्यायचं बेसन होतं सगळं."

"तुम्ही बोलला नाहीत."

"तुमी बोलून चुकल्या होत्या. पाहुने बसले होते. मंग मी काय बोलू?"

ते वायसर बदलून, बाटली बसवून गेले. मी डबा घेऊन कपाटासमोर बसून राहिले.

हिशोब सोपा होता, आणि मी तो सहा वर्षं मांडला नव्हता. बेसन, ज्याला पेपरात आम्ही पिठलं लिहितो, ते या घरात माझं काम. कार्यालयातून थकून आलं की हात तिकडेच जातो. कढईला धरलेलं मी गरम पाण्यानं भिजवते, बोटांनी चोळते आणि सिंकमध्ये ओतते. तुम्ही दवाखान्यात होतात त्या अठरा दिवसांत तुमच्याजवळ रात्रंदिवस कुणी ना कुणी बसलेलं, घरी येऊन कुणी पटकन जेवायचं, कुणी डबा न्यायचा. आठवून मोजलं तर अकरा वेळा बेसन झालं. त्यावर नऊ दिवस भाताचं पाणी. बाटली सत्तावीस दिवस कुणी उघडली नाही. तुंबणारच होतं.

आणि बुधवार. बुधवारी दुपारी रविवारच्या पुरवणीची बैठक असते. मी अकराला निघते, विजय शाळेत असतो. घरात तुम्ही एकट्या. बुधवारी संध्याकाळी मी यायचे तेव्हा स्वयंपाकघरात कापराचा वास असायचा. मला वाटायचं, एखादं व्रत धरलं असेल. आणि बुधवारी तुमचे गुडघे दुखायचे. तुम्ही गरम पाण्याची पिशवी मागायचात, मी द्यायचे, आणि दर वेळी म्हणायचे, "अंगणात दगडावर बसून भांडी घासता, म्हणून." भांडी तर तुम्ही रोज घासायचात. गुडघे बुधवारीच का दुखायचे, हे विचारण्याचा मला पगार मिळतो. ते मी विचारलं नाही.

कारण तुम्ही सांगितलं नाहीत, असंही म्हणता येणार नाही. पुष्कळदा सांगितलंत. "तुयं बेसन साजरं राहते, पन कढईले धरते. खरवडून घेत जाय वं, अन्न हाय थे." मी ते काटकसरीत जमा केलं. म्हाताऱ्या माणसांना वाया गेलेलं बघवत नाही, असं समजून दोन-तीन दिवस खरवडायचे, मग विसरायचे. तुम्ही स्वतः कढई घेतलीत की चमच्यानं खरवड काढून वाटीत घ्यायचात आणि भाकरीच्या तुकड्याशी खायचात. मला वाटायचं, आवडते.

या सगळ्यात मला सर्वांत कठीण जाते ती गोष्ट अशी की मला खोटं ठरवायला तुम्हाला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. एक बुधवार सोडायचा, दोन सोडायचे, फार तर चार. सिंक आपणहून तुंबलं असतं, राख न घालता, आणि मी तोंडघशी पडले असते. त्याऐवजी तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसलात, वाटी काढलीत, माझं बेसन काडीनं खरवडलंत, कापूर लावलात, आणि संध्याकाळी मी कशी बरोबर होते ते माझ्याकडून ऐकलंत.

का, हे मी तुम्हाला विचारू शकत नाही. अंदाज करता येतात, पण तुमच्या तोंडी अंदाज घालणार नाही. मला फक्त एक जुना प्रसंग ठाऊक आहे, तो लिहिते.

माझे बाबा अकोल्याला वारले तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर एसटीनं आलात. मला वाटलं, अंत्यसंस्कार झाले की संध्याकाळी परत जाल. तुम्ही तेरा दिवस राहिलात. व्याह्यांच्या घरी इतके दिवस राहणं तुमच्या पिढीला रुचणारं नव्हतं. माझ्या माहेरच्या घरात अजून मोरी होती. तुम्ही पहिल्याच दिवशी पदर खोचून तिथे बसलात. आल्या-गेल्यांची भांडी, सकाळपासून. माझ्या काकूनं उठवायला पाहिलं, तर म्हणालात, "मले बोलता नाही येत बाई अशा वक्ती. भांडे घासता येतात." माझ्याशी त्या तेरा दिवसांत तुम्ही बाबांबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मी मोरीच्या दारात येऊन बसायचे. तुम्ही भांडं विसळून माझ्याकडे द्यायचात, मी पुसायचे. मला त्या दिवसांतलं दुसरं फारसं आठवत नाही. तांब्याच्या गुंडीवरून राखेचा हात फिरतानाचा आवाज आठवतो.

दवाखान्यातली एक नोंद इथेच करते. दुसरा बुधवार होता. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "आज वार कोनता?"

"बुधवार."

"सिंक बरं हाय ना?"

"हो, आई."

"पानी उतरते ना वं?"

"उतरतं."

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं की पेशंट असंबद्ध बोलू लागल्या आहेत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. त्या कागदावर ते अजून तसंच असेल. दुरुस्त करता येणार नाही.

पण दुसरी एक दुरुस्ती करता येण्यासारखी होती. आमच्या धंद्यात नियम आहे: चूक ज्या पानावर छापली त्याच पानावर दुरुस्ती छापायची. आतल्या पानावर बारीक अक्षरांत टाकली तर ती दुरुस्ती नव्हे. मी तुमच्याबद्दल चुकीचं बोलले होते ते बैठकीत, पाहुण्यांसमोर. त्यातली सगळी माणसं तेरवीला येणार होती. मंगलाताई, त्यांची मुलगी आणि जावई, त्यांचे व्याही.

आदल्या दिवशी मी विजयला सांगितलं. त्याने छत्रीची काडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "जाऊ दे ना. कोन विचारून राहिलं आता? आईनं बी सांगितलं नव्हतं."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तुम्ही ते लपवलं होतंत, आणि उघड करायचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न होताच. पण तुम्ही गेल्यापासून मी एक पाहत होते. माणूस गेलं की त्याच्या चार-पाच गोष्टी उरतात, आणि पुढे त्याच सांगितल्या जातात. तुमच्या त्या चार-पाच गोष्टींत ही एक पक्की होती. मंगलाताईंच्या नातीला, जी आत्ता दोन वर्षांची आहे, ती कधीतरी सांगितली जाणार होती: पणजीनं हट्टानं राख घालून सिंक तुंबवलं आणि पाहुण्यांचे पाय भिजवले. ती माझी बातमी होती. खोटी.

तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपली. बैठकीत चहा फिरत होता. बोलणं तुमच्यावर आलं, तसं हळूहळू हलकं झालं. तुम्ही एसटीत कंडक्टरला कसं दटावलं होतंत, ते कुणी सांगितलं. संत्र्याच्या व्यापाऱ्याला तुम्ही दारातून कसं परत पाठवलंत, ते विजयने सांगितलं. मग मंगलाताईंनी डोळे पुसत म्हटलं, "अन थे सिंकाचं सांग ना वं, वहिनी. तूच साजरं सांगतं थे." गोष्टीतला मुख्य शब्द त्यांनी घेतला नाही. तुम्ही गेल्यापासून राख हा शब्द घरात सगळेच टाळत होते. गोष्ट मात्र त्यांना हवी होती.

मी ट्रे खाली ठेवला. विजय दारातून पाहत होता.

मी म्हटलं, "ती गोष्ट मी चुकीची सांगत आले. सिंक आईंच्या राखेनं तुंबत नव्हतं. बेसनानं तुंबत होतं. बेसन माझं. त्या दिवशी घमेल्यात होतं तेही माझं. त्यानंतर सहा वर्षं सिंक तुंबलं नाही, कारण आई दर बुधवारी खाली बसून पाइपाची बाटली उघडून साफ करत होत्या. मला चार दिवसांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. राख थोडी होती, पण तुंबण्याचं कारण ती नव्हती."

शेवटचं वाक्य मी घातलं, कारण राखेचा वाटा शून्य नव्हता. तुम्हीही शंभर टक्के बरोबर नव्हता, आई. हा वाद तेवढ्यापुरता अजून शिल्लक आहे.

व्याह्यांनी कप खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "पाटवड्या मात्र नंबरी होत्या त्या." त्यांना मदतच करायची होती. जावई हसला आणि लगेच थांबला.

मंगलाताई माझ्याकडे पाहत होत्या. "गुडघे इतके दुखे तिचे," त्या म्हणाल्या. "अन थे खाली बसे?"

"हो."

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी."

मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांना अधिकार होता, आणि मी तयारही होते. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. डबा हातात घेऊन परत आल्या, छत्रीची काडी काढून तिचा आकडा बोटानं चाचपला. मग विचारलं, "मंग आता कोन खोलते?"

"मी."

"तुले जमते?"

"नाही. शिकते."

त्यांनी काडी डब्यात ठेवली आणि डबा माझ्या हातात दिला. त्याच संध्याकाळी त्या अकोटच्या गाडीनं गेल्या.

आज बुधवार होता. बैठकीला येत नाही, असं कार्यालयात कळवलं. कारण विचारलं, तेव्हा घरी काम आहे म्हणून सांगितलं. तुमचा पाट कपाटासमोर घेतला. बाटली घट्ट बसली होती. ती उजवीकडे फिरवायची की डावीकडे, हे मला खालून पाहताना उलटं वाटत होतं. पहिल्यांदा घमेलं खाली सरकवायला विसरले, पाणी मांडीवर सांडलं. आत फार काही नव्हतं, एक पिवळा पातळ थर. तो काडीच्या आकड्यानं निघाला. रहीमभाईंनी आकडा बरोबर कोनात वाकवला आहे. वायसर उलटा बसला म्हणून बाटली गळत राहिली. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. एकूण चाळीस मिनिटं लागली. मध्येच मंगलाताईंचा फोन आला. "खोललं काय?" एवढंच विचारून त्यांनी ठेवून दिला.

नंतर कापूर लावला. तुमच्या राखेच्या डब्यात तळाशी थोडी राख उरली होती. बेसनाची कढई आधी चमच्यानं खरवडली, मग मागच्या अंगणात दगडावर बसून त्या राखेनं घासली. लवकर निघाली. साबणाला इतकी चमक येत नाही. हे तुम्ही सांगत होतात.

संध्याकाळी गुडघे दुखले. विजयने विचारलं नाही, पिशवी आणून दिली.

दवाखान्यात तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर मी सिंकाकडे न पाहता दिलं होतं. न पाहता दिलेली माहिती आम्ही छापत नाही. आज नळ पूर्ण सोडून, उभी राहून पाहिलं. पाणी उतरतं, आई.